भाव ऐकणारी बाई

माझ्या आत्याला गावात कुणी नावाने हाक मारत नसे. लहानथोर सगळे तिला 'हॅलोबाई' म्हणायचे. दारावर टकटक झाली तरी ती आतून 'हॅलो' म्हणे आणि शेजारचं मांजर खिडकीत येऊन बसलं तरी 'हॅलो'च म्हणे. त्यात तिचा काही दोष नव्हता. ऐन तरुणपणापासून ती गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसत होती. पोस्टाच्या मागची एक खोली, भिंतीला भोकाभोकांचा बोर्ड, वायरींचा गुंता आणि कानांवर काळे हेडफोन. ज्याचा फोन येईल त्याच्या भोकात पिन खुपसायची आणि दोन माणसं जोडून द्यायची, हे तिचं काम.

तिचं लग्न झालं होतं, पण ते टिकलं नाही. का, ते तिने सांगितलं नाही आणि आमच्या घरात कुणी विचारलं नाही. आमच्या घराच्या मागच्या बाजूच्या खोलीत ती राहायची. माझे बाबा तिचे थोरले भाऊ. ती त्यांना 'दादा' म्हणायची आणि माझी आई तिला 'वन्सं'.

आमचं दुकान लसणाचं. दरीतल्या सगळ्या शेतांत लसूण व्हायचा आणि तो सगळा बाबा विकत घ्यायचे, सुकवायचे, निवडायचे आणि ट्रकने शहराच्या बाजारात पाठवायचे. दुसरं कुणी घेणारं नव्हतं. दुकानात एक फोन होता. रोज दिवेलागणीला बाबा शहरातल्या अडत्याला फोन लावत आणि उद्याचा भाव विचारत. लाइन इतकी खराब, की दोघांनाही एकमेकांचं धड ऐकू यायचं नाही. मग मधे बसलेली आत्या इकडचं तिकडे सांगायची. "दादा, ते म्हणतायत, भाव चढलाय. किती ते पुन्हा विचारू का?" असं करत शहराचा भाव रोज तिच्याच तोंडून बाबांच्या कानात पडायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतकरी पोती घेऊन दुकानात यायचे आणि विचारायचे, "आज काय भाव?" बाबा एक आकडा सांगायचे. मी काट्यावर बसलेली असायची. नेमकी त्याच वेळी आत्या पिशवी खांद्याला लावून दुकानासमोरून कामाला निघालेली असायची. ती सगळ्यांची विचारपूस करायची, कुणाच्या गुडघ्याचं, कुणाच्या सुनेचं. शहरातला आकडा काय आणि दुकानातला काय, हे त्या गर्दीत फक्त तिला आणि बाबांना ठाऊक असायचं. पण तिने कधी ताकास तूर लागू दिली नाही. कामाच्या पहिल्या दिवशी तिच्या वरच्या बाईंनी तिला एकच गोष्ट शिकवली होती: कानात आलेलं कानातच ठेवायचं. ते तिने नोकरीची सगळी वर्षं पाळलं.

बाबा वाईट माणूस नव्हते, हे आत्ताच सांगून टाकते. गारपीट झाली त्या वर्षी फुटका, काळा पडलेला लसूणसुद्धा त्यांनी उचलला. ट्रक शहरात गेला की येताना कुणाची औषधं, कुणाच्या मुलीची पुस्तकं घेऊन यायचा, आणि त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. पण रोज संध्याकाळी त्यांना एक गोष्ट कळायची आणि ती बाकी कुणाला कळायची नाही, यावर आमचं घर उभं होतं.

पुढे एक्स्चेंज बंद झालं. बोर्ड काढून नेला, खोलीला कुलूप लागलं, आत्याला पेन्शन मिळाली. काही दिवस ती अंगणात नुसती बसून असायची. आई म्हणायची, "वन्सं, जरा विणकाम तरी करा." आत्याने एक स्वेटर विणायला घेतला. त्याला तीन बाह्या होतात की काय अशी भीती वाटायला लागली, तेव्हा आईनेच तो हळूच काढून घेतला.

त्यानंतर एका वर्षाने शहरातल्या एका संस्थेची इंजिनिअर मुलगी गावात आली. आमची दरी वाटीसारखी आहे. मोबाइलचा सिग्नल वरच्या वळणावरच्या एका दगडावर उभं राहिलं तरच मिळायचा, आणि दोनच माणसं मावतील एवढा तो दगड, त्यामुळे तिथे रांग लागायची. कंपन्यांना एवढ्याशा गावासाठी टॉवर परवडत नव्हता. इंजिनिअर म्हणाली, शहराच्या टेकडीवरून हवेतून इंटरनेट आणता येईल. गावातल्या उंच जागी एक डिश लावायची, तिथून घराघरांत छोटे डबे. संस्था सामान देईल, शिकवेल. पण रोजची देखभाल गावातल्याच कुणीतरी करायची.

शाळेत सभा भरली. देखभालीला आधी पाच-सहा जण तयार झाले. छपरावर चढावं लागेल आणि पहिलं वर्ष पगार मिळणार नाही हे कळल्यावर एकेकाला घरची कामं आठवायला लागली. तेव्हा मागून आत्याने हात वर केला.

"हॅलोबाई, तिथे वायरी नसतात बरं का!" कुणीतरी ओरडलं.

"नसल्या तर बरंच की," आत्या म्हणाली, "गुंता तरी होणार नाही."

गावात सगळ्यात उंच आमचं लसणाचं गोदाम. त्याच्या गच्चीवरून शहराची टेकडी सरळ समोर दिसायची. इंजिनिअरने विचारलं तर बाबा म्हणाले, "आमच्या बहिणीचं काम आहे. कुठेही लावा." त्या दिवशी ते गच्चीवर खुर्ची टाकून बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला डिश दाखवत होते.

आत्या शिकली. केबल कापायची, तिच्या टोकाला पिना बसवायच्या, डबा अडला तर काय करायचं, ढगाळ दिवसांत बॅटरी पुरवून कशी वापरायची. पहिल्या महिन्यात एक भानगड झाली. जेवणाच्या वेळी सगळा गाव पिक्चर बघत बसला आणि दवाखान्यातली नर्स नेटवरून शहरातल्या डॉक्टरांना बाळंतिणीबद्दल विचारत होती तो फोन मधेच तुटला. आत्या गोदामाच्या पायरीवर उभी राहिली आणि तिने सगळ्यांना फैलावर घेतलं. एक्स्चेंजमध्ये 'अर्जंट' कॉल आधी जोडायचे, तोच नियम इथे. दवाखाना पहिला, शाळा दुसरी, पिक्चर उरलेल्या वेळात. इंजिनिअरकडून तिने तशी व्यवस्था करूनच घेतली.

त्या वर्षी मला एक गोष्ट कळली, जी काट्यावर बसून इतकी वर्षं कळली नव्हती. गरिबी म्हणजे हातात पैसा नसणं, एवढंच मी धरून चालले होते. आमच्या गल्लीत शिंपीणकाकू राहायच्या. शिलाईचं मशीन आणि लसणाच्या शेताचे दोन लहान तुकडे यांवर त्यांचं चालायचं. नवरा गेल्यावर त्याच्या पेन्शनसाठी त्या कितीदा शहरात गेल्या होत्या. प्रत्येक वेळी एक दिवसाचं काम बुडायचं, बसभाडं जायचं आणि खिडकीमागचा माणूस म्हणायचा, अमुक कागद राहिला, पुन्हा या. गरिबाचा वेळ फुकटचा असतो, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. आत्याच्या खोलीत बसून नेटवर काकूंचं ते काम चहा निवायच्या आत झालं. काकू हसल्या नाहीत की रडल्या नाहीत. "एवढंच होतं?" एवढंच म्हणाल्या.

लसणाचा भाव मात्र कुणी मुद्दाम शोधला नाही. काकू फ्रॉकचे नमुने बघत होत्या, तेव्हा त्यांना शहराच्या बाजाराचं पान दिसलं. दुसऱ्या दिवशी त्या पोतं घेऊन दुकानात आल्या. बाबांनी आकडा सांगितला. काकू अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "शहरात आज जरा जास्त आहे म्हणे."

माझा काट्यावरचा हात थांबला. बाबा हसले. "शहरात सगळंच जास्त असतं, काकू. घरभाडंसुद्धा."

तेव्हा सगळे हसले. पण आठवड्याभरात दुकानात येणारा प्रत्येक जण आकडा माहीत करूनच येऊ लागला. बाबांनी भाव थोडा वाढवला, मग आणखी थोडा. शेवटी काकूंनी आणि आणखी काही बायकांनी शहरातल्या एका खरेदीदाराशी थेट बोलणी सुरू केली, तेव्हा बाबांच्या पायाखालची वाळू सरकली.

ते तडक आत्याच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले, कारण त्यांचा चेहरा मला बरा वाटला नाही. आत्या जमिनीवर बसून केबल सोलत होती.

"तूच सांगितलास ना त्यांना भाव?" बाबा म्हणाले.

आत्याने चाकू खाली ठेवला. "नाही."

"मग त्यांना कसा कळला?"

"त्यांनी पाहिला. तिथे तो सगळ्यांना दिसतो."

"माझ्याच छपरावर तबकडी लावून माझाच धंदा बुडवतेस?"

"दादा," आत्या म्हणाली, "तुझा भाव माझ्या तोंडून जात होता. तीस वर्षं रोज. तुझ्या दुकानासमोरून जाताना त्या माणसांच्या तोंडाकडे मी कशी बघत होते, ते माझं मला माहीत. तरी मी कुणाला सांगितलं नाही. तेव्हा सांगितलं नाही ती आता कशाला सांगेन?"

बाबा आणखीच चिडले. "उद्या ती डिश उतरव," एवढं म्हणून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने ती स्वतः उतरवली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, वाकेल म्हणून. जुन्या चादरीत गुंडाळून ती डिश तिने आपल्या खोलीत नेली. गावातले दोघे-तिघे बाबांशी भांडायला निघाले होते, त्यांना तिनेच अडवलं. "छप्पर त्याचं आहे," ती म्हणाली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला काय सांगणार!

बाबांना वाटलं, आता सगळं पहिल्यासारखं होईल. वळणावरच्या दगडापाशी पुन्हा रांग लागली, शेतकरी पुन्हा पोती घेऊन दुकानात आले. पण आता कुणी 'आज काय भाव?' विचारत नव्हतं. पोतं काट्यावर ठेवायचे, मी वजन सांगायची, पैसे घ्यायचे आणि निघून जायचे. कुणी बाकावर टेकत नव्हतं, कुणी पाणी मागत नव्हतं. बाबा मुद्दाम कुणाच्या तरी बैलाची चौकशी करायचे. "बरा आहे," असं उत्तर यायचं आणि तो माणूस चालू लागायचा. रात्री जेवताना बाबा आईला म्हणाले, "माणसं बदलली." आई म्हणाली, "माणसं तीच आहेत." आणि उठून गेली.

इकडे आत्या दुसरी उंच जागा शोधत होती. पाण्याची टाकी होती, पण ती गोदामापेक्षा बुटकी. लोहार म्हणाला, मी लांब पाइप जोडून देतो. गावाच्या कमिटीने परवानगी दिली. पाइप दोरांनी वर ओढून उभा केला त्या दिवशी सगळा गाव टाकीखाली जमला होता. बाबा दुकानाच्या दारात उभे होते. तिथून टाकी दिसते.

आत्या अठ्ठावन्न वर्षांची होती. टाकीच्या लोखंडी पायऱ्या चढून गेल्यावर वर आणखी एक शिडी लावायची होती. ती शिडी हलत होती. कोण धरणार, अशी चर्चा चालू असतानाच गर्दीतून माझी आई पुढे आली. तिने पदर कमरेला खोचला आणि टाकीच्या पायऱ्या चढायला लागली.

"वहिनी, तुम्ही कशाला?" आत्या म्हणाली.

"तुम्ही पडलात तर घरात तुमचं करायचं मलाच आहे," आई म्हणाली. "त्यापेक्षा आत्ताच धरते."

बाबांनी ते पाहिलं आणि ते आत गेले. त्या दिवशी दुकान लवकर बंद झालं.

नेट पुन्हा सुरू झालं आणि बायकांनी आपला पहिला ट्रक शहराला पाठवला. मालाचे फोटो शिंपीणकाकूंनी काढून पाठवले होते, अर्थात चांगले चांगले गड्डे निवडून. फोटो बघून खरेदीदार खूश झाला. ट्रक पोहोचल्यावर मात्र त्याने अर्धा माल बाजूला काढला. लहान-मोठा एकत्र, वरून कोरडा आणि आतून ओला, काही गड्ड्यांना बुरशी. परत आणायचा तर भाडं कुणी द्यायचं? तिथेच कवडीमोलाने टाकून द्यावा लागला. गावात लगेच तोंडं फिरली. कुणी म्हणालं, नेटने फसवलं. कुणी म्हणालं, हॅलोबाईने नादी लावलं. काकू घराबाहेर पडेनात.

आत्या म्हणाली, "नेटवर भाव दिसतो, ओल दिसत नाही." आणि कित्येक महिन्यांनी ती दुकानाची पायरी चढली.

"दादा, माल कसा निवडायचा ते या बायकांना दाखवायला ये."

बाबा हिशेबातून मान वर न करता म्हणाले, "का? नेटवर शिकवत नाहीत?"

"शिकवतात. पण या मातीतला लसूण तुझ्याइतका कुणी हाताळलेला नाही."

"मला वेळ नाही."

ती परत गेली. मला बाबांचा राग आला आणि मी तो बोलून दाखवला. ते हिशेब करत राहिले.

पुढे काही दिवसांनी बाबा शाळेवरून चालले होते. शाळेच्या मागच्या अंगणात बायकांनी नवा लसूण आणून ओतला होता. उघड्या जमिनीवर मोठा ढीग. बाबा फाटकाशी थांबले. मी दुकानात परत बोलवायला म्हणून त्यांच्या मागे आले होते, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांना राहवलं नाही.

"असा ठेवतात का लसूण?" ते ओरडले. "खालचा घाम येऊन मरेल ना!"

बायका दचकून उभ्या राहिल्या. बाबा आत शिरले, चपला काढल्या आणि त्या ढिगाशी गुडघे टेकून बसले. एक गड्डा उचलून काकूंच्या हातात दिला. "मानेला दाबा. इथे, पात सुरू होते तिथे. काय लागतं?"

"मऊ," काकू म्हणाल्या.

"मऊ म्हणजे ओला. याला अजून वारा हवा. आता हा दाबा. कडक लागतो? हा जाऊ शकतो. पात इतकी ठेवून कापायची, मुळं खरडायची, साल सोलत बसायची नाही. आणि फोटो काढायचा तर ढिगाचा काढा, निवडलेल्या चार गड्ड्यांचा नको. खोटा फोटो एकदाच चालतो."

संध्याकाळपर्यंत ते तिथेच होते. आत्या मधे येऊन अंगणाच्या कोपऱ्यात उभी राहिली. निघताना बाबा कुणाकडेच न बघता म्हणाले, "गोदामात फळ्या रिकाम्या आहेत. खालून वारा लागतो. भाडं द्यावं लागेल."

"किती?" आत्याने विचारलं.

"ते सगळ्यांसमोर ठरवू."

तसंच ठरलं. आता माल बायकांचा, गोदाम आणि ट्रक आमचा, आणि निवडायचं काम बाबांच्या देखरेखीखाली. ज्यांच्याकडे शेताचा तुकडाही नाही अशा घरांतल्या बायकांना निवडण्याची मजुरी मिळू लागली, ती थेट त्यांच्या खात्यात. आमचं उत्पन्न पहिल्यासारखं राहिलं नाही. घराला वरचा मजला बांधायचा होता, तो राहिला. मी शाळेत नोकरी धरली. बाबा कधी कधी जुन्या दिवसांबद्दल कुरकुरतात आणि मला त्यांचं वाईटही वाटतं. एका माणसाच्या हातातलं अनेकांच्या हातात जातं, तेव्हा त्या एका माणसाचा हात रिकामा होतोच. ते आम्ही घरात रोज पाहिलं.

एकदा जेवताना बाबांनी आत्याला विचारलं, "बोर्डावर बसायचीस तेव्हा माझ्याबद्दल तुला काय वाटायचं?"

आत्याने घास संपवला. "तू माझा भाऊ होतास आणि गिऱ्हाईकही. दोघं एकाच लाइनवर यायचे, म्हणून त्रास व्हायचा."

"मग सांगायचं होतंस मला."

"तुला काय सांगायचं? तुला माहीतच होतं की."

आई म्हणाली, "आता जेवा."

आत्या आता सत्तरीला टेकली आहे. टाकीवर चढण्याचं काम शिंपीणकाकूंच्या सुनेकडे दिलंय, पण खालून सूचना चालूच असतात. नेटमुळे सगळ्यांचं भलं झालं असं काही ती म्हणत नाही. शिकलेली मुलं शहरात जायची ती जातातच. आणि डोंगराच्या पलीकडच्या वस्तीवर अजून काही पोहोचलेलं नाही, कारण मधला डोंगर आडवा येतो. तिथल्या बायका अजून कागदासाठी दिवस मोडून शहरात जातात. हे आत्याच्या मनातून जात नाही. डोंगरमाथ्यावर एक खांब उभा केला तर दोन्ही बाजू दिसतील, असा तिने इंजिनिअरच्या मागे धोशा लावला. संस्थेकडे पैसे नव्हते. गावाने थोडे जमवले, वस्तीवरच्यांनी खड्डा खणायचं कबूल केलं.

गेल्या आठवड्यात खांब आणि बॅटऱ्या वर न्यायच्या होत्या. वाट अरुंद, ट्रक जाईल अशी कुणाला खात्री नव्हती. बाबा म्हणाले, मी चालवतो. त्यांच्या शेजारी आत्या बसली, मागे मी आणि काकूंची सून, आणि आमच्यामध्ये दोरांनी बांधलेल्या बॅटऱ्या. चढभर बाबा त्या रस्त्याला शिव्या घालत होते. आत्या खिडकीतून बाहेर डोकं काढून सांगत होती, "दादा, उजवीकडे घे. अजून. आता सरळ."